कराची ते जुहू : सव्वासात तास

१५ ऑक्टोबर १९३२, शनिवार. दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी जुहूच्या मैदानावर एका इंजिनाचं छोटंसं विमान उतरलं. जात पस मॉथ. आत एकच माणूस आणि त्याच्या पाठीमागे टपालाच्या थैल्या. हा माणूस सकाळी सहा पस्तीसला कराचीच्या ड्रिग रोड मैदानावरून निघाला होता. वय अठ्ठावीस, नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे जेआरडी.

म्हणजे वाटेला सव्वासात तास लागले, दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या धरल्या तर. मुंबईत त्या काळी दोन घड्याळं होती, हे इथेच सांगून ठेवतो. रेल्वे, तार आणि टपाल देशाच्या प्रमाणवेळेने चालायचं. नगरपालिका मात्र आपली जुनी मुंबई वेळ सोडायला तयार नव्हती आणि ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होती. हा हट्ट मुंबईने थेट १९५५ पर्यंत चालवला. विमान आठवड्याच्या गतीने आलेल्या पत्रांना पंख लावत होतं, आणि शहराचं घड्याळ अजून विसाव्या शतकात यायला तयार नव्हतं!

कराची आणि मुंबई या दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ८७५ किलोमीटर. जेआरडी सरळ आले नव्हते. वाटेत पेट्रोल घ्यायला अहमदाबादला उतरणं भाग होतं, आणि तो कोन धरला की वाट हजार किलोमीटरच्या थोडी वर जाते. पस मॉथची चाल ताशी शंभर मैल, म्हणजे एकशेसाठ किलोमीटर. कागदावर हिशेब मांडला तर हवेतले साडेसहा तास होतात. वाऱ्याने दहा-वीस मिनिटं इकडची तिकडे केली असतील. उरतो पाऊण तास. तो अहमदाबादेत जमिनीवर गेला, आणि या साऱ्या प्रवासातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे. त्याकडे येऊच. आधी मुंबईची पत्रं मुळात कराचीला का उतरत होती ते बघू.

विलायतेची डाक म्हणजे मुंबईचं बंदर, हे समीकरण शंभरएक वर्षं पक्कं होतं. पी. अँड ओ. कंपनीची बोट यायची आणि इथून आगगाड्या ती डाक देशभर वाटायच्या. १९२४ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावर गेटवे ऑफ इंडिया उघडला गेला, तो याच थाटाचा शिक्का. पण दगडी दरवाजा उभा राहून पाच वर्षं होत नाहीत तोच पाहुणे दुसऱ्या दाराने येऊ लागले. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून हिंदुस्थानची हवाई डाक सुरू केली आणि तिचं शेवटचं ठाणं ठेवलं कराची. कारणं साधी. बसरा, बुशायर, जास्क, ग्वादर असा इराणी आखाताचा आणि मकरानचा किनारा धरून येणाऱ्या विमानाला आधी लागते ती कराची. हवा कोरडी, जमीन सपाट, आणि मुख्य म्हणजे मुंबईसारखा चार महिने मैदानाचा तलाव करणारा पाऊस नाही.

या प्रवासाला सात दिवस लागायचे, आणि तो सगळा विमानाचाही नव्हता. क्रॉयडनहून विमान स्वित्झर्लंडच्या बाझेलपर्यंत. तिथून इटलीच्या जेनोआपर्यंत चक्क आगगाडी, कारण इटलीच्या सरकारशी वाटेबद्दल जमलं नव्हतं. जेनोआहून पाण्यावर उतरणारं विमान अलेक्झांड्रियाला, आणि तिथून पुढे तीन इंजिनांची हर्क्युलीस विमानं मजल दरमजल करत कराचीला. एका देशाने आकाशाचं दार लावलं की विमानाचा उतारूसुद्धा रुळावर येतो, हे हिंदुस्थानच्या हवाई वाटेने पहिल्याच दिवशी पाहिलं. पुढे याच कराचीला ते किती वेळा पाहावं लागणार होतं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ब्रिटिशांचा खरा जीव मात्र विमानांवर नव्हताच, तो हवाई जहाजांवर होता. वायूने भरलेली ती अजस्र जहाजं उतारूंना आरामात साम्राज्यभर नेतील, असा त्यांचा बेत. त्यासाठी कराचीत ड्रिग रोडजवळ एक प्रचंड पोलादी कोठार उभारलं होतं. लोक त्याला काळा छप्रा म्हणत. ज्या जहाजासाठी तो बांधला ते आर-१०१ हे ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी इंग्लंडहून कराचीकडे निघालं आणि रात्रीतच फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळालं. आतल्या ५४ पैकी ४८ माणसं गेली; त्यांत ब्रिटनचे हवाईमंत्री लॉर्ड थॉमसनही होते. काळा छप्रा रिकामाच राहिला. जेआरडींचं पस मॉथ दोन वर्षांनी त्याच परिसरातून उडालं, तेव्हा ते या ओसाड कोठाराच्या सावलीत माशीएवढं दिसलं असेल.

जेआरडींची आणि जुहूच्या मैदानाची ओळख जुनी. तिथेच बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये ते शिकले आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांना हिंदुस्थानात दिला गेलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. पुढे आगाखानांनी पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं: इंग्लंड-हिंदुस्थान अंतर एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला. १९३० मध्ये जेआरडी कराचीहून निघाले आणि इंग्लंडहून अस्पी इंजिनियर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा निघाला. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अबुकीरच्या विमानतळावर. अस्पी तिथे अडकून पडला होता, कारण जवळ स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी आपल्याजवळचे जास्तीचे प्लग त्याला दिले. तो उडाला, कराचीला पोचला आणि थोडक्यात शर्यत जिंकला. पुढे हाच अस्पी भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ही गोष्ट जेआरडींच्या दिलदारीची म्हणून सांगतात. मला ती त्या काळच्या अंतराची वाटते. चार प्लग मिळाले नाहीत तर माणूस जिथे उतरला तिथेच मुक्कामाला.

आता प्रश्न असा होता की कराचीपर्यंत सात दिवसांत आलेलं पत्र पुढे मुंबई-मद्रासला जायचं कसं? डिसेंबर १९२९ पासून ते विमानाने जोधपूरमार्गे दिल्लीला जाऊ लागलं. पण दक्षिणेच्या वाट्याला आगगाडीच. कराचीहून सिंधमधलं हैदराबाद, मीरपूरखास, मग वाळवंट ओलांडून मारवाड, तिथून अहमदाबाद आणि मग मुंबई, असा गाड्या बदलत केलेला वळसा. तसा हवाई प्रयत्न एकदा झालाही होता. जानेवारी १९२० मध्ये शाही हवाई दलाने मुंबई-कराची टपाल विमानाने न्यायला सुरुवात केली होती आणि ते काही आठवड्यांतच आटोपतं घेतलं होतं.

ही फट नेमकी हेरली ती नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. शाही हवाई दलातून बाहेर पडलेला हा गडी १९२९ मध्ये हिंदुस्थानात विमानफेऱ्यांचे खेळ करत आला होता. लोकांना पैसे घेऊन आकाशात फिरवून आणायचं, हा तेव्हा धंदा होता. व्हिन्सेंट टाटांकडे योजना घेऊन गेले: कराचीहून टपाल उचला, अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी करत मद्रासला पोचवा. उद्योगसमूहाचे प्रमुख दोराबजी टाटा यांना त्यात फारसा रस नव्हता. त्यांचं मन वळवलं टाटांकडचेच अधिकारी जॉन पीटरसन यांनी. भांडवल दोन लाख रुपये. सरकारकडे अनुदान मागितलं. सरकारने ताटकळत ठेवलं आणि दिलं नाही. शेवटी टाटांनी अनुदानाशिवाय काम करायची तयारी दाखवली तेव्हा एप्रिल १९३२ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. पुढे जूनमध्ये दोराबजी गेले. आपल्या दोन लाखांचं विमान उडालेलं त्यांनी पाहिलं नाही.

पहिलं उड्डाण ठरलं होतं सप्टेंबरच्या मध्याला. पाऊस हटेना. जुहू पाण्याखाली. महिनाभर गेला आणि अखेर ती १५ ऑक्टोबरची सकाळ उजाडली. येरवड्याला गांधीजींच्या उपोषणाची आणि पुणे कराराची धामधूम होऊन तीन आठवडेच झाले होते; देशाचं लक्ष तिकडे होतं. कराचीहून कोण उडालं याची दखल घ्यायला तेव्हा फारशी कुणाला सवड नव्हती.

पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, वर कापडाचं आवरण. पंख डोक्यावर, त्यामुळे खालची जमीन स्वच्छ दिसे. इंजिन सव्वाशेएक अश्वशक्तीचं, आणि ते उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली लोंबते. नाकासमोरचा अडथळा त्याने कमी होई. बिनतारी नाही, दिशा सांगणारं यंत्र म्हणजे होकायंत्र, आणि जमिनीवरून कुणी बोलणारं नाही. नकाशा मांडीवर, खाली रूळ किंवा नदी दिसली की वाट बरोबर. पण कराची-अहमदाबाद ही मजल साधी नाही. खाली कच्छचं रण. पावसाळा सरता सरता तिथे पाणी की जमीन हे वरून कळू नये अशी चकाकी पसरलेली असते, आणि मैलोन् मैल रूळही नाही, गावही नाही. साडेतीन तासांहून जास्त वेळ त्या एकाच इंजिनाचा आवाज कानात. त्यात बदल होऊ नये, एवढीच उडवणाऱ्याची प्रार्थना.

आणि मग अहमदाबाद. इथे बर्मा शेलचं पेट्रोल विमानापर्यंत आलं ते बैलगाडीतून. चार-चार गॅलनचे पत्र्याचे डबे गाडीवर रचलेले. बैल आपल्या चालीने आले, डबे उतरले, एकेक उघडून टाकीत रिकामा झाला. ताशी शंभर मैलांचं यंत्र ताशी दोन मैलांच्या जनावराची वाट पाहत उन्हात उभं होतं. मघाचा आपला पाऊण तास तो हा. विमान कितीही पळो, प्रवासाचा वेळ शेवटी जमिनीवर ठरतो. आजही विमानतळावरच्या रांगेत उभं राहिलं की मला तो बैलगाडीवाला आठवतो.

जुहूला पोचल्यावर टपाल उतरवलं गेलं आणि मद्रासचं टपाल घेऊन पुढे बेल्लारीकडे निघाले ते व्हिन्सेंट. विमानतळ म्हणायचं तर एक झावळ्यांनी शाकारलेली झोपडी, समोर मैदान, पलीकडे समुद्र. पण हा संसार वर्षाचे आठच महिने. मृग लागला की जुहूत चिखल. मग सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं: दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मिस्त्री. पुण्यात मैदान मिळालं ते येरवड्याला, तुरुंगाच्या लगत. जेआरडी पुढे ही आठवण मिश्कीलपणे सांगत. जागा आम्हाला शोभेशी मिळाली म्हणत. म्हणजे पावसाळ्यात कराचीची हवाई डाक मुंबईऐवजी येरवड्यात उतरे. पुणेकरांनी हे फारसं मिरवलेलं दिसत नाही, याचं नवल वाटतं.

पहिल्या वर्षात या चिमुकल्या सेवेने एक लाख साठ हजार मैल उड्डाण केलं, १५५ उतारू नेले, जवळपास दहा टन टपाल वाहिलं आणि साठ हजार रुपये नफा मिळवला. नफ्यापेक्षा मोठी गोष्ट वेळेची. वर्षभरात एकदाही उशीर नाही, असं प्रशस्तिपत्र सरकारी विमान खात्याने आपल्या अहवालात दिलं. अनुदान न दिलेल्या सरकारनेच ते द्यावं, हेही खासच.

एक गोष्ट आज वाचताना दचकायला होते. १९३२ साली कराची-मुंबई हा प्रवास परदेशाचा तर नव्हताच, परप्रांताचाही नव्हता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तो वेगळा झाला १ एप्रिल १९३६ ला. जेआरडी निघाले ते मुंबई इलाख्यातून, पेट्रोल घेतलं ते मुंबई इलाख्यात, उतरले ते मुंबई इलाख्यात. कराचीचे विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. तिथलं एनईडी अभियांत्रिकी कॉलेज याच विद्यापीठाला जोडलेलं होतं. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. ती शाळा १८५५ पासूनची, आणि वैद्यांचं नाव तिच्यावर आजही आहे. अशा शहराला मुंबईहून निघालेल्या माणसाला परगावी जातोय असं वाटे, परदेशी नव्हे.

पुढची पंधरा वर्षं झरझर सांगता येतात. विमानं मोठी होत गेली, फाटे फुटत गेले, १९३८ पासून साम्राज्याची साधी पत्रंही विमानाने जाऊ लागली. युद्ध आलं. जानेवारी १९४२ मध्ये व्हिन्सेंट इंग्लंडहून परतताना त्यांचं विमान शत्रूने पाडलं. ज्याच्या डोक्यातून ही वाट निघाली तो तिचा विस्तार बघायला उरला नाही. युद्ध संपल्यावर डकोटा विमानं स्वस्तात मिळू लागली आणि कराची-मुंबई अंतर अहमदाबादला न उतरता साडेतीन-चार तासांवर आलं. जुलै १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचं नाव एअर इंडिया झालं.

मग वर्षभराने सीमारेषा आली. कराचीत ६ जानेवारी १९४८ ला दंगल उसळली आणि सिंधी हिंदूंचा ओघ मुंबईकडे लागला. थोडे विमानाने आले. बहुतेकांच्या नशिबी बोट. त्यांतले हजारो जण कल्याणजवळ लष्कराच्या रिकाम्या छावणीत राहिले, आणि तिचंच पुढे उल्हासनगर झालं. ज्यांना कराची-मुंबई अंतर सगळ्यात खोलवर माहीत आहे ते हे लोक, आणि त्यांना ते किलोमीटरमध्ये कुणी विचारत नाही.

त्याच वर्षी ८ जूनच्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं कॉन्स्टेलेशन मुंबईच्या सांताक्रूझहून लंडनला निघालं. थांबे कैरो आणि जिनिव्हा. जेआरडीही त्यात होते. सोळा वर्षांपूर्वी विलायतेचं पत्र आणायला जे कराचीपर्यंत जात होते, ते आता कराचीत न उतरताच विलायतेला चालले होते.

यानंतर या दोन विमानतळांमधला वेळ विमानाच्या चालीवर अवलंबून राहिला नाही. १९६५ च्या युद्धात वाट बंद. ३० जानेवारी १९७१ ला ‘गंगा’ हे भारतीय विमान पळवून लाहोरला नेण्यात आलं आणि जाळलं गेलं. भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. कराची-ढाका हे एकाच देशातलं सुमारे २,३५० किलोमीटरचं अंतर कोलंबोच्या वळशाने साडेचार हजारांवर गेलं. त्या वर्षअखेरीस तो देशच एक राहिला नाही. दोन्ही देशांमधली विमानं पुन्हा सुरू झाली ती १९७६ मध्ये.

जेट विमानाने हा प्रवास दीड तासाचा. पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, त्यामुळे मुंबईहून जाताना घड्याळात एकच तास गेलेला दिसे आणि परतताना दोन. पण त्या दीड तासाच्या वाटेवर सगळ्यात संथ उडून गेला तो जुना माणूसच. १५ ऑक्टोबर १९८२ ला, बरोबर पन्नास वर्षांनी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ या त्याच घराण्यातल्या छोट्या विमानात कराचीला बसले आणि अहमदाबादमार्गे जुहूला येऊन उतरले. मला या घटनेत हौसेपेक्षा वेगळंच काही दिसतं. १९३२ ला लागले नव्हते असे किती कागद, किती परवाने त्या म्हाताऱ्याला आधी गोळा करावे लागले असतील!

त्यानंतरची टिपणं कोरडी आहेत. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन्हीकडची विमानं बंद, दोन वर्षांनी सुरू. पाकिस्तानी कंपनीची कराची-मुंबई फेरी २०१७ मध्ये बंद पडली. २०१९ मध्ये भारताच्या बालाकोटवरच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानचं आकाश फेब्रुवारी ते जुलै बंद राहिलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाशच बंद केलं.

आज मुंबईहून कराचीला कुणाला जायचंच असेल, व्हिसाही हातात असेल, तर तो दुबईमार्गे जातो. मुंबई-दुबई साधारण १,९३० किलोमीटर, दुबई-कराची आणखी १,१९०. म्हणजे ८७५ किलोमीटरसाठी तीन हजारांहून जास्त. हवेत पाच तास आणि दुबईतला थांबा धरला तर हा प्रवास सात-आठ तासांच्या आत होणं अवघड. पस मॉथने १९३२ साली सव्वासात तासांत आणून सोडलं होतं, बैलगाडीची वाट पाहण्यासकट.